विंचू, गूळ आणि आडबांध

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी एक काम घेऊन घरी आली. ती पनवेलला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला आहे. ‘आजी-आजोबांकडून मी शिकलेले नेतृत्वाचे पाच धडे’ या विषयावर तिला निबंध द्यायचा होता. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, तिच्या जन्माआधीच गेले. म्हणून म्हणाली, “काका, तुमच्या आजोबांची ती बांधाची गोष्ट द्या ना मला. तुम्ही भाषणात सांगता ती.”

ती गोष्ट मी खरोखरच वीसेक वर्षे भाषणांतून सांगत आलो आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, वाचनालयाचा वर्धापनदिन, कुणाचा सेवानिवृत्ती समारंभ, कुठेही ती शोभते. पुतणीला ती लिहून देताना मात्र हात अडला. का अडला ते पुढे येईलच. पण तिच्या त्या विषयामुळे मला जुनी एक टाचणांची वही काढून बसावे लागले. त्या वहीत माझ्या नव्हे, दुसऱ्याच दोन आजोबांच्या नोंदी होत्या.

गडब मुंबई-गोवा महामार्गावर आहे. एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला नागोठणे ओलांडले की रोहा. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. त्यांना जग विनोबा म्हणून ओळखते. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. दोघांनी गीता हा जगण्याचा ग्रंथ मानला, दोघे खेड्यांपर्यंत पोहोचले आणि दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही ‘सामुदायिक नेतृत्व’ या एकाच विभागात. विनोबांना १९५८ साली, म्हणजे पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, आणि पांडुरंगशास्त्र्यांना १९९६ साली. (मधल्या १९५९ साली शासकीय सेवेसाठी हाच पुरस्कार चिंतामणराव देशमुखांना मिळाला. त्यांचे बालपणही रोह्याचेच. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या एवढ्याशा पट्ट्याला हे जरा जास्तच झाले, असे आमच्याकडचे लोक गमतीने म्हणतात.) या दोघांच्याही घडणीच्या कथेत आजोबा मध्यभागी आहेत. म्हणजे पुतणीच्या निबंधाला याहून सोयीचे उदाहरण शोधून सापडले नसते. माझी तक्रार नेमकी या सोयीविषयी आहे.

मी कोणत्या विद्यापीठाचा नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. वजनकाट्यावर पावत्या फाडता फाडता जे वाचले तेवढेच भांडवल. त्यामुळे पुढचे वाचन हे एका गावकऱ्याचे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

विनोबांचे आजोबा शंभुराव भावे. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असल्याने विनोबांची पहिली वर्षे गागोद्याला आजोबांच्या छत्राखाली गेली. या वर्षांच्या चार-पाच आठवणी विनोबांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या आणि त्या आता सर्वांच्या झाल्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध आठवण विंचवाची. आजोबा पूजेला बसले असताना देवाच्या मूर्तीवर विंचू दिसला. घरात ओरडा झाला, मारायला माणसे धावली. आजोबांनी थांबवले. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी पूजा पुढे चालू ठेवली. गंध, फुले सगळे यथासांग झाले. काही वेळाने विंचू आपोआप उतरून निघून गेला.

दुसरी गुळाची. घरात राहणाऱ्या एका मुलाने न विचारता गूळ खाल्ला आणि तक्रार आजोबांपर्यंत गेली. आजोबांनी चोरी हा शब्दच मान्य केला नाही. गूळ जसा आपला तसा त्याचाही, त्याने फक्त विचारले नाही एवढेच, असा निवाडा त्यांनी दिला. मग त्या मुलाला विचारून घ्यायला आणि घेताना हात स्वच्छ ठेवायला सांगितले.

तिसरी चांद्रायणाची. आजोबा चांद्रायण व्रत करत. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवत न्यायचे आणि पुढे कलेबरोबर कमी करत आणायचे. रोज चंद्रोदयाला पूजा-आरती. वद्य पक्षात चंद्र मध्यरात्री उगवे. तेव्हाही झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद द्यायचा, असा आजोबांचा दंडक होता. चौथी गणपतीची. आजोबा चंदन उगाळून त्याचा गणपती करत. उगाळायला घरातली पोरे बसत. एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती शेवटी पाण्यात सोडायची. आज पेण म्हटले की गणपतीचे कारखाने आठवतात, हमरापूर-जोह्याच्या बाजूला घराघरांत मूर्ती घडतात आणि ट्रकांनी बाहेर जातात. त्या पेणच्याच एका घरातला हा उगाळून केलेला गणपती मला फार मोलाचा वाटतो, पण तो या लेखाचा विषय नाही.

पाचवी आठवण मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

आधी या आठवणींच्या प्रवासाविषयी. विनोबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. १९५१ नंतर तेरा वर्षे ते देशभर चालत होते, रोज नव्या गावी बोलत होते. त्या बोलण्यात प्रसंगाप्रसंगाने बालपण येई. कालिंदीताईंनी हे विखुरलेले कण वेचून ‘अहिंसा की तलाश’ हे हिंदी पुस्तक सिद्ध केले. मार्जरी साइक्स यांनी ते ‘मूव्ह्ड बाय लव्ह’ या नावाने इंग्रजीत नेले. म्हणजे गागोद्याच्या ओसरीवर मराठीत घडलेली गोष्ट पन्नास-साठ वर्षांनी, बहुधा हिंदीत, हजारोंच्या सभेपुढे, जमीन मागण्याच्या ओघात सांगितली गेली. मग ती पुस्तकात बसली आणि तिथून आमच्या शाळांच्या फळ्यावर सुविचार होऊन आली. विंचू ‘सहिष्णुता’ झाला, गूळ ‘क्षमाशीलता’ झाला, चंदनाचा गणपती ‘अनासक्ती’ झाला. शंभुराव आपल्या नातवाशी कोणत्या शब्दांत बोलत, हे मात्र या सगळ्या प्रवासात गळून गेले. मी गागोद्याला गेलो तेव्हा मला त्या घरापेक्षा त्या बोलीचीच हुरहुर लागली होती.

तरीही विनोबांची सांगण्याची शिस्त अशी, की गोष्टीतला कच्चा माल त्यांनी फारसा घासला नाही. नीट वाचले तर या आठवणींत आजोबा नातवाला काहीही शिकवत नाहीत. एकाही आठवणीत ते मुलाला समोर बसवून काही सांगत नाहीत. विंचवाच्या वेळी ते मोठ्यांना थांबवतात. गुळाच्या वेळी ते तक्रार करणाऱ्याला उत्तर देतात. मूल कडेला उभे आहे आणि ते बघते आहे की घराचा नियम घरातला सर्वांत थोर माणूस मोडतो आहे. विंचू दिसला की मारायचा हा कोकणातल्या प्रत्येक घराचा नियम. गूळ चोरणाऱ्या पोराच्या कानाखाली वाजवायची हाही नियमच. शंभुराव नवा नियम देत नाहीत, एका वेळेपुरता जुना नियम थांबवतात. विनोबांच्या पुढच्या आयुष्यात हीच रीत दिसते. भूदानाचा कायदा करा असे ते म्हणाले नाहीत. जमीन आपली आपण ठेवायची हा जगाचा नियम तुमच्यापुरता, आजच्या दिवसापुरता थांबवा, असे ते दारोदार म्हणत राहिले.

‘धडे’ काढणारे लेखक हे पाहत नाहीत, कारण धड्याला नियम लागतो. ‘संकटातही शांत राहा.’ शंभुराव शांत राहिले हे खरे. पण विंचू मारायला धावलेली माणसेही त्यांच्या घराची काळजीच करत होती. त्यांना गप्प करण्याचा अधिकार शंभुरावांकडे होता तो घराचे मालक म्हणून, वडीलधारे म्हणून. हीच गोष्ट त्या घरातल्या मोलकरणीने सांगितली असती तर विंचू ठेचला गेला असता आणि तिलाही चार शब्द ऐकावे लागले असते. धड्यात हा अधिकार दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दिसत नाही. मध्यरात्री चंद्र उगवला की मुलाला उठवणार कोण? त्याची आई. रुक्मिणीबाई दिवसभराच्या कामानंतर मध्यरात्री उठत आणि मुलाला आजोबांपुढे नेत. व्रत आजोबांचे, प्रसाद नातवाचा, झोपमोड आईची. विनोबांनी आईविषयी किती कृतज्ञतेने सांगितले आहे हे ‘गीताई’ची कथा ठाऊक असणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, त्यामुळे हा दोष विनोबांचा नाही. दोष त्यांच्या आठवणींतून ‘आजोबांचे संस्कार’ असा भाग कात्रीने कापून काढणाऱ्यांचा आहे. इथे साने गुरुजींचे स्मरण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची ‘गीता प्रवचने’ उतरून घेणारे गुरुजी दुसऱ्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला बसले. मराठीत घरातल्या आठवणीला रात्रीच्या गोष्टीचा आणि गोष्टीला संस्काराचा आकार आला तो बराचसा त्या पुस्तकाने. त्या पुस्तकाला भाबडे म्हणण्याची आता रूढी आहे. पण प्रत्येक संस्काराची किंमत कोणी मोजली, हे गुरुजींनी कधी लपवले नाही. ती आईने मोजली आणि शेवटी ती त्यातच गेली. आजच्या ‘धडे’वाल्या पुस्तकांना तेवढाही प्रामाणिकपणा परवडत नाही.

आता पाचवी आठवण. गागोद्याच्या घरात एक आंधळे गृहस्थ राहत. कष्टाळू, प्रेमळ. मुले त्यांना काका म्हणत. पुढे भावे कुटुंब बडोद्याला गेल्यावर एक दिवस पत्र आले की ते वारले. घरात कोणी गेले की अंघोळ करायची, सुतक पाळायचे हे मुलाला माहीत होते. इथे तसे काहीच झाले नाही. त्याने आईला विचारले. आईने सांगितले की ते आपल्या नात्यातले नव्हते, निराधार होते म्हणून आपल्याकडे राहत होते. तेव्हा कुठे मुलाला कळले की काका काका नव्हते.

ही आठवण ‘परक्याला आपले मानण्याचा धडा’ म्हणून सांगतात. तो धडा त्यात आहेच. एवढी वर्षे एका निराधार माणसाला घरात असे वागवले की मुलाला परकेपणाची शंकाही आली नाही, ही साधी गोष्ट नव्हे. पण मला त्या आठवणीत सुतकाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. जेवणाच्या पंगतीत नाते होते, मरणाच्या वेळी ते नव्हते. मूल जिथे चकित झाले ती जागा हीच आहे.

भूदान आठवून पाहा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा गावोगाव मागू लागले ते कुटुंबाच्या भाषेत: तुम्हाला पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. ही भाषा कुठून आली याची उत्तरे उपनिषदांपासून महात्मा गांधींपर्यंत शोधली गेली आहेत. मला ती गागोद्याच्या माजघरात दिसते. घरात एक माणूस आहे, तो रक्ताचा नाही, पण त्याचे पान मांडलेले आहे. विनोबांनी तेच पान देशभर मागितले.

आणि त्या भाषेची मर्यादाही त्याच आठवणीत दडलेली आहे, असे मला वाटते. सहाव्या मुलाला जमिनीचा कागद मिळाला, पण बऱ्याच ठिकाणी ताबा मिळाला नाही. कुठे खडक मिळाला, कुठे दावा चालू असलेली जमीन. दानात आलेल्या लाखो एकरांपैकी मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. पाच सख्ख्या मुलांपैकी एकाला असे वागवले असते तर तो कोर्टात गेला असता. सहाव्याला कोर्टात जाता येत नव्हते, कारण त्याचे नाते देणाऱ्याच्या मनावर उभे होते. विनोबांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. आईला सुतकाचा प्रश्न विचारणारा मुलगा तेच तर होते.

याच कुलाबा जिल्ह्यात दुसरी भाषाही बोलली गेली होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणले. चरीच्या शेतकऱ्यांनी खोताला आजोबा मानले नाही आणि स्वतःला सहावा मुलगाही म्हणवून घेतले नाही. आम्ही कसतो, आमचा हक्क, एवढेच म्हणणे. या संपात पोटाला चिमटा घेतलेल्या आज्या-आजोबांच्या आठवणी आमच्या भागात अजून सांगितल्या जातात. पण ‘नेतृत्वाचे धडे’ म्हणून त्या कोणी छापत नाही. भुकेतून धडा काढणे जरा अवघड असते.

रोह्याच्या आजोबांकडे वळतो. लक्ष्मणशास्त्री आठवले शंभुरावांच्या अगदी उलट स्वभावाचे शिक्षक दिसतात. नातू बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमच आखला, जुन्या तपोवनाच्या धर्तीवर, त्याच्या एकट्यासाठी. इथे मूल कडेला उभे नाही, ते मध्यभागी आहे आणि आजोबांना त्याचे काय करायचे ते पक्के ठाऊक आहे. पुढे मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून पांडुरंगशास्त्र्यांनी जे अफाट वाचन केले, वडील वैजनाथशास्त्र्यांनी माधवबागेत सुरू केलेल्या गीता पाठशाळेत जी प्रवचने दिली, त्यांचा पाया इथला. आजोबा रोह्यातल्या दलित वस्तीत जात असत, ही आठवणही स्वाध्याय परिवारात आदराने सांगितली जाते.

विनोबांच्या आठवणींइतकी या आठवणींची मोडतोड झाली नाही, कारण त्या मुळातच कमी आहेत आणि परिवाराच्या आत राहिल्या. समीक्षेला त्यांत फार हाती लागत नाही, हे कबूल करतो. पण विनोबांपुढचा जो पेच मी वर मांडला त्याला पांडुरंगशास्त्र्यांनी दिलेले उत्तर मला लक्षणीय वाटते. ‘योगेश्वर कृषी’ म्हणजे गावाने मिळून कसायचे शेत. प्रत्येकाने वर्षातून थोडे दिवस तिथे पुजारी म्हणून राबायचे. पीक कोणाचेच नाही, देवाचे. गरजूला त्यातून मिळते ते प्रसाद म्हणून. कोळ्यांसाठी ‘मत्स्यगंधा’ बोटी त्याच धर्तीच्या. इथे देणारा माणूसच काढून टाकला आहे. घेणाऱ्याला कोणाच्या ओसरीवर उभे राहायचे नाही. गागोद्यात प्रसाद आजोबांच्या हातून मिळत होता, इथे शेतच प्रसाद आहे. मात्र गरज कोणाची मोठी हे ठरवताना पुन्हा कोणीतरी वडीलधारे लागतेच, आणि तिथे जुना प्रश्न मागच्या दाराने परत येतो.

मराठीतल्या एका तिसऱ्या आजोबांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) संतामाय ही आजी आहे आणि तिच्याबरोबर राहणारे महमूद दस्तगीर जमादार आहेत, ज्यांना नातू दादा म्हणतो. दादा हमाली करतात, आजी एसटी स्टँड झाडते. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, आणि तरी त्या मुलाला आजोबा मिळाले ते हेच. गागोद्यातल्या आंधळ्या काकांची ही दुसरी बाजू आहे. तिथे निराधार माणूस भरल्या घरात आला होता, इथे निराधार माणसांनीच मुलाला घर दिले. व्यवस्थापनाच्या वर्गात दादांकडून कोणी धडा काढेल? माझ्या माहितीत तरी कोणी काढलेला नाही. धडा काढण्यासाठी नातू मोठा होऊन कुठेतरी अध्यक्षस्थानी बसावा लागतो आणि आजोबांकडे थांबवण्यासारखा एखादा नियम, वाटण्यासारखा थोडा गूळ असावा लागतो.

आता माझी गोष्ट.

गडबच्या खाडीकडच्या अंगाला आमचा खारेपाट. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि त्या मातीत भात घ्यायचा. बांध एकट्याचा असूच शकत नाही. म्हणून जोळ असे, बांधावर अवलंबून असणाऱ्या सर्वांनी मिळून बांध राखायची पद्धत. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या कायद्याने बांध सरकारकडे जाऊ लागले तशी जोळाची सवय सुटत गेली. माझ्या आजोबांच्या काळी ती जिवंत होती आणि जोळात त्यांचा शब्द चाले.

माझ्या जन्माआधीच्या एका भादव्यात, भात निसवत असताना, अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली. रात्रभर माणसे चिखल टाकत राहिली, खांड रुंदावत गेली. तेव्हा आजोबांनी ठरवले की खांड बुजवायचा नाद सोडायचा आणि मागे सरकून आडबांध घालायचा. आडबांधाबाहेर जे राहील ते दर्याचे. पहाटेपर्यंत आडबांध उभा राहिला, चाळीसेक घरांचे भात वाचले. आणि बाहेर राहिले ते शेत आमचे होते. आजोबांनी स्वतःचे शेत दर्याला दिले. टाळ्या इथे पडत.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका कार्यक्रमात मी हे सांगून खाली उतरलो. पुढच्या रांगेत माझी एक लांबची आते बसली होती, ऐंशीच्या पुढची. जवळ बोलावून, अगदी शांतपणे म्हणाली, “तो शेत तुज्या आज्याचा नव्हता रं. आमचा व्हता. कोनी सांगला तुला?”

त्या साली तिचा नवरा वारला होता. पदरात दोन पोरे. बांधावर जायला तिच्या घरातून पुरुष माणूस नव्हते, त्यामुळे त्या रात्री निर्णय झाला तेव्हा तिला विचारायला कोणी गेले नाही. सकाळी तिने पाहिले तर शेतात पाणी. जोळाने तिला दोन वर्षे भात मोजून दिले. तिसऱ्या वर्षी दिले नाही. आणि आमचे शेत? ते होते आडबांधाच्या आतल्या बाजूला, अगदी पहिले.

मी घरी येऊन आठवत बसलो. गोष्ट मला वडिलांनी सांगितली होती. त्यांचे वाक्य मला लख्ख आठवते: “त्या राती तुज्या आज्याने शेत सोडला.” कोणाचे, ते त्यांनी म्हटलेच नव्हते. त्यांना ते म्हणायची गरज नव्हती किंवा इच्छा नव्हती, आता विचारायची सोय नाही. ‘स्वतःचे’ हा शब्द मी घातला. कधी घातला तेही आठवत नाही. पहिल्या भाषणात असेल. गोष्ट त्याशिवाय उभीच राहत नव्हती.

आजोबांनी चूक केली असे मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. उधाण थांबत नाही. आडबांध जिथे घातला तिथेच जमीन जरा उंच होती, असे जोळातले उरलेले एक म्हातारे सांगतात आणि ते खरेही असेल. पण जोळाच्या मापाने पाहिले तर दोन वर्षांचे भात म्हणजे जेवणाच्या पंगतीतले नाते होते. खारे पाणी शिरलेली जमीन गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात, तेही पाणी पुन्हा आत येऊ दिले नाही तर. तिच्या शेतात ते रोज येत होते. पुढे आते लोकांच्या शेतावर मजुरीला गेली, आमच्याही. माझ्या लहानपणी लावणीला येणाऱ्या बायांत ती असे. आई तिला भाकरी जास्तीची देई. ती का, हे मला आता कळते.

हे सगळे मी पुतणीला सांगितले. ती म्हणाली, “काका, मग यातून पॉइंट काय काढू?” मी म्हटले, आतेला भेटून ये. ती गेली, दोन तास बसली. निबंधात तिने शेवटी काय लिहिले ते मला दाखवले नाही. पाचाऐवजी तीनच धडे लिहिले म्हणून गुण कापले, एवढे सांगितले.

दिवाळीआधी मी तिच्याबरोबर आडबांधावर गेलो होतो. ओहोटी होती. बाहेरच्या बाजूला आतेच्या शेतात आता तिवरांचे रान आहे, माणसाच्या डोक्यावर गेलेले. आम्ही आदल्या आठवड्यात सात-बारा काढून आणला होता. त्यात ती जमीन अजून भातशेती आहे, आणि नाव तिच्या नवऱ्याचे.